नदीकाठची रिकामी खुर्ची

एक सांगा, पोरांनो. रात्री अडीच वाजता, तीनशे किलोमीटर सायकल हाणून झाल्यावर माणसानं विश्वास ठेवावा कोणावर? पायांवर, की डोक्यावर? सायकली विकता विकता मी म्हातारा झालो. त्या वेळी दोघंही थापा मारतात, एवढं नक्की.

फ्रीडहेल्म माझं जुनं गिऱ्हाईक. आपल्या क्लबची सहाशे किलोमीटरची सफर त्याला चाळीस तासांत पुरी करायची होती. दोनदा हुकली. गुडघ्यानं मान टाकलेली, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, म्हणजे ही शेवटचीच. दोन हजार एकोणीसचा जून, पंधरा तारीख, शनिवार. पहाटे निघालेला माणूस मध्यरात्रीनंतर पावणेदोनला ह्योक्स्टरच्या पेट्रोलपंपावर पोचला, क्लबच्या कार्डावर तिथवर आल्याचा शिक्का घेतला आणि भिंतीला टेकला.

बरोबरची वीबके हसली. "काका, झोपलात की प्राण सोडलात?"

"झोपलोय. प्राण सोडायला सवड कुठाय?"

"मग उठा. जंगलातला चढ वाट बघतोय आपली."

"बघू दे. तू हो पुढे, पोरी. मी येतो मागून."

तिचा लाल दिवा झाडांत शिरला. हा तिथंच उभा. ठरलेला रस्ता डोंगरावरून, झोलिंगच्या जंगलातून फिरून कार्ल्सहाफेनला उतरतो. अठ्ठेचाळीस किलोमीटर. नदीकाठची सपाट वाटही कार्ल्सहाफेनलाच जाते. पंचवीस. मध्ये कुठं शिक्का नाही. कधीमधी गुपचूप तपासणी लावतात, पण ती वर, डोंगरात.

कोण बघतंय?

तो नदीकडे वळला.

हसू नकोस, मार्टेन. तुझेही पाय एक दिवस असे होतील.

बेवेरुंगेन मागं पडलं. वेझर नदीवरचं धुकं वाटेवर चढलं. पाय नुसते फिरत होते. आणि पुढं... एक कंदील.

घडीचं टेबल. टेबलामागं जुनी लोकरी टोपी घातलेला म्हातारा. शेजारी एक खुर्ची. रिकामी.

"कार्ड."

फ्रीडहेल्मचा चेहरा उतरला. गुपचूप तपासणी, आणि ती इथं! संपलं सगळं. त्यानं मुकाट्यानं कार्ड दिलं. म्हाताऱ्यानं शिक्का मारला. सावकाश. वेळ लिहिली, कार्ड परत दिलं.

"दमलास."

"फार."

"सगळे दमतात. मग इथूनच येतात." त्यानं खुर्ची पुढं सरकवली. "बस."

फ्रीडहेल्मला बसायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बर्फ.

"बस ना. मी कधीचा एकटाच..."

नदीचा आवाज थांबला होता. म्हातारा बोलत होता, पण कंदिलासमोर त्याच्या तोंडाची वाफ दिसत नव्हती. याची दिसत होती.

"गुडघा," फ्रीडहेल्म पुटपुटला. "एकदा बसलो तर... उठता येणार नाही."

"माहितेय," म्हातारा म्हणाला.

...

फ्रीडहेल्मनं सायकल वळवली. मागं पाहिलं नाही. पंधरा किलोमीटर उलटा ह्योक्स्टरला आला, आणि तिथून तो सगळा चढ चढला. एकटा. उजाडेपर्यंत.

सफर मीच आखतो, ती संपते माझ्याच दुकानात. रविवारी रात्री तिथं पोचला तो एक तास दहा मिनिटं उशिरा. सफर गेली. बाकावर बसायलाही तयार होईना, उभ्यानंच कार्ड पुढं केलं. "नदीकाठी कोणाला बसवलं होतंत?"

"कोणालाच नाही."

मी शिक्का पाहिला. चाक, आणि त्यात एक तुटका आरा. आपल्या क्लबचा जुना शिक्का. तीस वर्षं गुपचूप तपासणी करणाऱ्या एकेहार्डचा. तो गेला त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. शिक्का मी स्वतः त्याच्या शवपेटीत, त्याच्या हाताखाली ठेवला होता.

कार्ड या खणात आहे. घे, मार्टेन, बोट लाव. बघ... निळं झालं ना? इतकी वर्षं झाली, शाई वाळत नाही.

उद्या पहाटे निघताय. तुमची कार्डं ही घ्या. एकच मागणं आहे, ठरलेला रस्ता जेवढा पायांनी कापाल, तेवढाच हिशोबात धरा.