जपमाळेचं उत्तर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर पुढची पोस्ट वाचा. मी भांडायला येणार नाही.

मी तनुजा. नांदेडला विष्णुपुरीत राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर मीच वेड्यात काढत आले. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे, आणि मावशी खोटं बोलली की तिला लगेच खोकला येतो.

तारीख एकवीस ऑक्टोबर दोन हजार तेवीस. दसऱ्याच्या आधीचा शनिवार. संध्याकाळचे सात.

जागा देवणी तालुक्यातलं एक खेडं. नाव विचारू नका. मावशी अजून तिथंच राहते.

मावशीचं नाव केवळाबाई. आम्ही कॅथलिक. मराठवाड्यात असं सांगितलं की लोक तोंडाकडे बघत राहतात. आहोत बाबा, थोडे आहोत. आजोबांच्या काळात गावाबाहेर मिशनची अकरा घरं होती. एक छोटं चर्च, त्याच्या मागं कबरस्तान. मग पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, म्हातारी माणसं कबरस्तानात गेली. दहा घरांना कुलपं लागली. उरलं एक, मावशीचं. तिच्या घराची मागची भिंत कबरस्तानाला लागून आहे. रस्त्यापलीकडे महामायाताईंचं घर, ते बौद्ध. फादर लातूरहून महिन्यातून एकदा येतात, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना करतात, मावशीचा चहा घेतात आणि जातात.

मावशीला मूलबाळ नाही. नवरा होता, ज्ञानोबाकाका. ते त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले. देवणीच्या बैलबाजारात उभ्याउभ्या कोसळले.

मरणाआधी फादरांपुढं पापनिवेदन झालं नाही. फादरांच्या हातून शेवटचं तेल लागलं नाही.

आमच्यात हे फार मनाला लागतं. माणूस मेला की त्याच क्षणी देवापुढं उभा राहतो, त्याचा न्याय होतो. फार चांगला असेल तो स्वर्गात, फार वाईट तो नरकात. मग तुमच्या-माझ्यासारखे मधले? ते शुद्धिस्थानात. तिथं आत्म्याला स्वतःसाठी काहीच करता येत नाही. तो फक्त वाट बघतो. मागं राहिलेल्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, मिस्सा अर्पण केली, तर तो सुटतो.

काकांना सोडवायचं, एवढं एकच काम मावशीला उरलं होतं.

आता जपमाळेचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जपमाळ एकट्याची नसते. एकानं ‘नमो मारिया’ ही येशूच्या आईची प्रार्थना अर्धी म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. उत्तराचा शेवट असतो, ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर, आमेन.’ पन्नास मण्यांवर पन्नास वेळा.

चाळीस वर्षं मावशी सुरुवात करायची आणि काका उत्तर द्यायचे. आणि काका म्हणजे सगळी घाई. मावशीचं संपायच्या आत यांचं सुरू व्हायचं. तिचे शेवटचे दोन शब्द चाळीस वर्षांत कुणाला ऐकू आले नसतील. लहानपणी आम्ही पोरं त्यावर तोंडात रुमाल कोंबून हसायचो.

“माझं सरू द्या की,” मावशी मधेच डाफरायची.

“भाकरी निवून राहिली,” काका म्हणायचे.

काका गेल्यावर ती दोन्ही भाग एकटीच म्हणायला लागली. मला एकदा म्हणाली, अर्धं म्हणून गप बसायची सवय लागलेली, तनू. मग ध्यानात यायचं की म्होरलं बी आपणच म्हणायचं हाय.

त्या शनिवारी लाईट गेली होती.

मावशी मारियेच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून बसली. पहिला मणी धरला. आपला अर्धा भाग म्हटला आणि सवयीनं थांबली.

घर गप्प.

तिनं पुढचं म्हणायला तोंड उघडलं…

आणि उत्तर आलं.

पुरुषाचा आवाज. हळू, दमलेला. मागच्या भिंतीकडून.

मावशी पळाली नाही, ओरडली नाही. तिनं दुसरा मणी धरला. अर्धं म्हटलं. थांबली.

एक श्वास गेला…

उत्तर आलं.

पन्नासच्या पन्नास मणी.

मला हे सांगत होती तेव्हा मी विचारलं, भ्याली नाहीस? तर माझ्याकडेच नवलानं बघत म्हणाली, “कशाला भेऊ? आठ महिन्यानं माझ्या घरात कोण तरी बोललं.”

काकाच आहेत, हे तिनं धरूनच टाकलं. फरक एकच होता. हा आवाज तिचं संपेपर्यंत थांबायचा. तिला हसू आलं. जित्तेपणी नाही तर नाही, मेल्यावर तरी शिकले.

दुसऱ्या दिवशी जपमाळ झाल्यावर तिनं विचारलं, अवो, तुम्हीच हाव ना?

काही नाही.

पत्रा गळतोय सांगितलं. शेळी व्याली सांगितलं. काहीच नाही. त्या आवाजाला प्रार्थनेचं उत्तर तेवढं येत होतं, दुसरं काही येत नव्हतं.

मग मावशी प्रार्थनाच करत सुटली. एकाच्या दोन माळा झाल्या, दोनाच्या चार. कुणासाठी म्हणायची, हे ती विसरून गेली. नुसती म्हणायची आणि थांबायची. ती इतक्या माळा म्हणते एवढंच फादरांना कळलं, तर त्यांनी प्रवचनात तिचं कौतुक केलं, केवळाबाईंकडून शिका म्हणाले. शिकायला समोर आसपासच्या गावांतून आलेली सहा माणसं, त्यातला एक त्यांचाच ड्रायव्हर. मावशीला वर बघवेना.

त्याआधी, चौथ्याच दिवशी, महामायाताईंनी रस्त्यापलीकडून विचारलं, “केवळाबाई, पाव्हणा आलाय का कोण? दिवेलागणीला गड्याचा आवाज येऊन राहिलाय.”

म्हणजे तिच्या मनाचे खेळ नव्हते.

मावशीनं हो म्हणून टाकलं. आणि लगेच खोकली.

मग आला दोन नोव्हेंबर. हा आमचा मृतांचा दिवस. वेदीजवळ एक पेटी ठेवलेली असते. आपल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचं. फादर मिस्सेत ती नावं वाचतात आणि त्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतात. मावशीनं चिठ्ठी कधीच लिहून ठेवलेली होती. ज्ञानोबा योसेफ. दुसरं नाव बाप्तिस्म्याचं.

ती पेटीपुढं उभी राहिली.

हे नाव वाचलं की ते सुटणार. सुटले की संध्याकाळी सातला घर पुन्हा गप्प.

तिनं चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली आणि जागेवर येऊन बसली.

एकच वर्ष, तिनं मनाशी म्हटलं. पुढच्या वर्षी नक्की.

मला हे सांगताना मावशी रडली. नवरा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. “माझ्या माणसाला मी तिथं अडकवून ठेवलं, तनू. का, तर माझी सांज जावी म्हणून.”

आणि मी काय करत होते? महिन्यातून एक फोन. जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. एकदा म्हटलं होतं, नांदेडला ये राहायला. ती नको म्हणाली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

वर्ष गेलं. आवाज थकत गेला.

पावसाळ्यात उत्तरांच्या मधे धाप ऐकू यायला लागली. ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसाची असते तसली. महामायाताईंनी सुचवलं, पाव्हण्याला उदगीरला तरी दाखवून आणा, दम्याचं लक्षण दिसतंय. मावशी हो म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ऑक्टोबर लागला. एका संध्याकाळी आवाज ‘आता आणि आमच्या…’ एवढ्यावर येऊन थांबला.

पुढचं निघेना.

मावशी वाट बघत राहिली. भिंतीपलीकडे नुसती धाप. शेवटी ‘मरणाच्या वेळी’ तिनंच म्हटलं. त्या दिवशी तिला घास गेला नाही.

दोन नोव्हेंबर दोन हजार चोवीस. त्या वर्षी त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा आला होता. गावात फटाके वाजत होते, घरोघरी बायका नवऱ्यांना ओवाळत होत्या. मावशीनं गाठ सोडली. वर्षभरात चिठ्ठी घामानं मऊ पडली होती. ती तिनं पेटीत टाकली.

फादरांनी नाव वाचलं. ज्ञानोबा योसेफ.

मग तिनं कबरीवर झेंडूची फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. “जावा आता,” म्हणाली. “लई थांबवलं तुम्हाला.”

संध्याकाळी सात. ती मूर्तीपुढं बसली. आज दोन्ही भाग आपणच म्हणायचे, मनाची तयारी झाली होती. पहिला मणी धरला. म्हणायला लागली. संपायला दोनच शब्द राहिले होते…

आणि तिच्या शब्दांवर शब्द आदळले.

भरभर. घाईघाईनं. एका दमात उत्तर, एका दमात आमेन.

काका.

चाळीस वर्षांची ओळख, चूक होणं शक्यच नव्हतं. मावशी हसली, मग रडली. पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बसून राहिली. जाताजाता दारात डोकावून गेले, एवढंच. ते सुटले होते, हे तिला आतून कळलं.

मग डोळे पुसले. घेतलेली जपमाळ अर्धी टाकू नये म्हणून तिनं दुसरा मणी धरला. आपला भाग म्हटला. सवयीनं थांबली.

एक श्वास गेला…

मागच्या भिंतीकडून उत्तर आलं.

हळू. दमलेलं. तिचं पूर्ण संपू देऊन.

मावशीच्या हातातली माळ खाली पडली. काका आज पहिल्यांदाच आले होते. मग वर्षभर तिच्याबरोबर प्रार्थना कोण म्हणत होतं?

तिनं फादरांना सगळं सांगितलं. फादर म्हणाले, मृतांशी बोलू नये, मृतांसाठी प्रार्थना करावी. तो जो कुणी असेल, त्याच्यासाठी प्रार्थना करणारं मागं कुणी उरलेलं नाही. म्हणून तो जिथं प्रार्थना ऐकू येते तिथं आला.

भिंतीपलीकडे कबरस्तानातली सगळ्यात जुनी रांग आहे. तिथले लाकडी क्रूस वाळवीनं कधीच खाल्ले. तिथं कोण पुरलंय, हे सांगणारं माणूस गावात राहिलं नाही. नाव ठाऊक नसलं तरी चालतं, फादर म्हणाले. पुढच्या मृतांच्या दिवशी कोरी चिठ्ठी टाका, मी ‘ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी’ असं वाचतो. देवाला नाव माहीत आहे.

सोपं होतं. एक कोरा कागद पेटीत टाकायचा.

यंदाच्या दोन नोव्हेंबरला, रविवारी, मी मुद्दाम मावशीकडे गेले. चिठ्ठी मीच घडी करून तिच्या हातात दिली. ती पेटीपाशी गेली, हात पुढं केला, परत आली. फादरांनी नावं वाचली. कोऱ्या चिठ्ठीचं काही वाचलं नाही.

घरी आल्यावर मी तिच्या पदराची गाठ सोडली. आत चिठ्ठी.

मला राग आला होता. मी म्हटलं, मावशी, आता तर तुला सगळं कळलंय, तरी?

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. “त्याला कोण न्हाई, तनू,” म्हणाली. “मला बी कोण न्हाई. एक वर्ष राहू दे.”

कोण न्हाई. मी समोर बसले होते, तरी. ती चिठ्ठी मी माझ्या पर्समध्ये टाकली.

त्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसले. उत्तर मी द्यायचं ठरवलं होतं. मावशीनं मणी धरला, आपला भाग म्हटला, थांबली. मी तोंड उघडलं…

माझा आवाज फुटायच्या आत भिंत बोलली.

मी ऐकलं. या कानांनी ऐकलं. आणि मावशीच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते बघून मी माझं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला परतले. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. इथल्या चर्चमध्येही पेटी ठेवलेली असते, मृतांची नावं नोव्हेंबरभर घेतात. महिना संपायला सहा दिवस राहिलेत. ऑफिसातून येताना वाट थोडी वाकडी केली की झालं.

मी रोज ठरवते, आज टाकायची. टाकली तर तो सुटेल. मग सातला मावशी अर्धं म्हणेल, थांबेल, आणि थांबलेलीच राहील.

आता मी तिला रोज फोन करते. ती उचलते आणि काही न बोलता मूर्तीपाशी ठेवून देते. मी इकडे एकटी, दार लावून, कानाला फोन धरून ऐकत बसते. ती म्हणते. तो उत्तर देतो.

कालपासून तो परत मधेच अडकायला लागलाय. ‘आता आणि आमच्या’ म्हणतो, आणि पुढं नुसती धाप.

चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे.