नव्व्याण्णव टक्के

त्या शुक्रवारी मी कोळीवाड्यात गेलो तो फक्त एक हार्डडिस्क आणायला. पनवेलच्या मोहल्ल्यात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हार्डडिस्क काढणं हा रोजचा धंदा. पण ही माझ्या मित्राची, जीवनची होती, आणि जीवनला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

दोन हजार दहा सालची गोष्ट. जीवन द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरच्या नोंदी ठेवायचा. वडील कॅन्सरने गेले तेव्हापासून त्याला एक खूळ लागलं होतं. औषधं शोधण्यासाठी परदेशात कुणी मोठमोठी गणितं सोडवत असतात. त्यांचे तुकडे करून जगभरच्या लोकांच्या कंप्युटरवर पाठवतात. आपला कंप्युटर तुकडा सोडवतो, परत पाठवतो, नवा घेतो. जीवनच्या विंडोजवर ते नीट चालेना, म्हणून त्याने कंप्युटरच्या पोटात दुसरा कंप्युटर बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. पडद्यावरच्या एका चौकटीत चालतं, घड्याळसुद्धा स्वतःचं वेगळं. लाईट जायच्या आधी तो त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. म्हणजे मशीन त्या क्षणाला जसं असेल तसं जपून ठेवायचं, आणि बिघडलं तर पुन्हा तिथूनच सुरू करायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी दोन दहाला त्याने स्नॅपशॉट घेतला. सव्वादोनला भारनियमनाची लाईट गेली. थोड्या वेळाने इन्व्हर्टरचा जळका वास आला म्हणून तो वायर काढायला उठला, आणि वायर हातात असतानाच लाईट वेळेआधी आली. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते, असं शांतीकाकी सांगते. शांतीकाकी म्हणजे त्याची आई. ती समोरच मासळी निवडत बसली होती.

दहाव्याला गाढी नदीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसलेले, पण खाली एक उतरेल तर शपथ. नातेवाईक पुढे होऊन एकेक कबूल करून गेले, आईला बघू, बहिणीचं लग्न लावू. तासभर उन्हात उभे राहून सगळ्यांचे घसे सुकले. शेवटी काकी माझ्याकडे वळली. "इमाद, तुला ठाव असंल बाला. त्याचा जीव कशान् अडकलाय?"

आता त्या कावळ्याशी माझा काय संबंध? आमच्यात हा रिवाज नाही. पण तोंडातून निघून गेलं, "जीवन, तुझा तो तुकडा मी पुरा करून पाठवतो." आणि कावळा उतरला. तेव्हापासून मी बांधला गेलो.

तुकड्याला मुदत असते. जीवनच्या तुकड्याची मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती; नंतर तो दुसऱ्या कुणाला गेला असता आणि माझा शब्द खोटा पडला असता. शुक्रवारी दुपारी दुकानात मशीन चालू केलं. आतल्या घड्याळात दोन दहा, काम सत्त्याण्णव टक्के. म्हटलं, झालंच की. अर्ध्या तासाने नव्व्याण्णववर आलं आणि मशीन गोठलं. स्नॅपशॉटवर मागे नेलं. पुन्हा सत्त्याण्णव, पुन्हा नव्व्याण्णव, पुन्हा गोठलं.

मी तापट माणूस. मेमरी वाढवली, सॉफ्टवेअर बदललं, शनिवारी अख्खं मशीन दुसऱ्या कंप्युटरवर नेलं. मधेच लाईट जायची ते वेगळंच. गिऱ्हाइकांवर खेकसलो, जेवण टाकलं, मेलेल्या मित्रालाही शिव्या घातल्या, त्याची आज लाज वाटते. हट्टाला पेटलो होतो. रविवारी कुठे लक्षात आलं की दरवेळी आतलं घड्याळ एकाच जागी थांबतं. दोन चाळीस. म्हटलं, असेल काहीतरी गडबड, आणि पुन्हा मागे नेलं.

सोमवारी दुपारी गल्लीतली लाईट गेली. दुकान बॅटरीवर, पंखे बंद, बाहेर चिटपाखरू नाही. इतके दिवस पंख्यांच्या घरघरीत जे ऐकू आलं नव्हतं ते त्या शांततेत स्पीकरमधून आलं. खुर्ची मागे सरकली. फरशीवर चार पावलं चपला वाजल्या. कुणीतरी श्वास आत घेतला... आणि टक् असा आवाज होऊन मशीन गोठलं. दुकानात जळक्या रबराचा वास पसरला. मी माझ्या सगळ्या वायरी हाताने चाचपून पाहिल्या. सगळ्या गार होत्या.

तरीही मी अकराव्यांदा मागे नेलं. मुदतीला दोन तास उरले होते, आणि खरं सांगायचं तर हात आपोआपच गेला. आतलं घड्याळ पुढे सरकत होतं तेवढ्यात फोन वाजला. शांतीकाकी होती.

"बाला... तू त्याला परत परत कशाला बोलवतंस?"

"कुणाला, काकी?"

"जीवनला. दुपारशी खुर्चीवरून उठतोय, माज्या समोर. मी नको नको म्हनतंय, त्याला ऐकू येत नाय. चार दिस झाले. आज तीन येला उठला, इमाद... आता परत येऊन बसलाय."

अकरा वेळा बटण दाबून मीच त्याला दोन दहाला आणून बसवलं होतं, आणि मीच अकरा वेळा त्या वायरीकडे पाठवलं होतं. समोरच्या चौकटीत दोन एकोणचाळीस झाले. स्पीकरमध्ये खुर्ची करकरली.

मी फोन टाकला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. "जीवन, उठू नको," मी म्हणालो. "लाईट येतेय. वायरीला हात लावू नको, भाई... बस खाली."

काहीच ऐकू येईना. दोन चाळीस. मग खुर्ची पुन्हा करकरली, बसताना करकरते तशी. दोन एकेचाळीस. शंभर टक्के. निकाल गेला, तिकडून पोचल्याची ओळ आली. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. चुकूनही पुन्हा कुणाचा हात लागू नये म्हणून मशीन पुसलं, स्नॅपशॉट पुसला, त्याची हार्डडिस्कही कोरी केली. मग काकीला फोन लावला.

"गेला," ती म्हणाली. "हसून गेला. सुटला ना रं माजा जीवन?"

"हो काकी. सुटला."

संध्याकाळी, काम खरंच जमा झालं का ते बघायला, मी त्या गणितवाल्यांच्या पानावर जीवनचं नाव उघडलं. तिथे प्रत्येकाची मशीनं किती चालू आहेत ते दिसतं. जीवनकडे एकच मशीन होतं, आणि ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

चालू मशीनं अकरा, असं लिहिलेलं होतं. प्रत्येकाचं काम नव्व्याण्णव टक्के. शेवटचा संपर्क, आज, दुपारी दोन चाळीस.

काकीला मी हे अजून सांगितलेलं नाही. मागे जायला आता स्नॅपशॉट नाही. पान मात्र रोज उघडतो. आकडा तोच असतो, तारीख रोज नवी असते.