दहा मिनिटं पुढे

संगणक विभागातला तो पहिल्यांदा आला तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. तिचं सगळं लक्ष पडद्यावरच्या लाल ओळीकडे होतं – ‘साइन-इन झालं नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ती होती. निरोप, गप्पा, मीटिंगा, सगळं त्या एकाच ॲपवर चाले. ते बंद म्हणजे ती मुकी.

“पासवर्ड आठवतोय ना?” त्याने वाकून विचारलं.

“मी विसरणाऱ्यातली दिसते?”

“विचारावं लागतं, मॅडम. रोज दहा जण विसरतात.”

“अकरावी मी नाही.”

तो हसला, खुर्चीत बसून काहीतरी खुडबुडला आणि ॲप उघडलं. ऑफिसात त्याला सगळे किल्लीवाला म्हणत, ते काही उगाच नाही.

पण दोन आठवड्यांत तो पाच वेळा आला. अख्ख्या मजल्यावर फक्त तिचंच ॲप रुसायचं. आणि तळमजल्यावरून चार जिने चढून येणाऱ्या माणसाचा भांग इतका ताजा कसा?

“पाणी कुठेतरी मुरतंय,” शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या. “तोच बंद करतो आणि तोच उघडतो. कुंपणच शेत खातंय गं.”

तिलाही तेच वाटत होतं. तिने डायरीत तारखा लिहायला सुरुवात केली. वाईट एवढंच, की तो यायच्या आधी तिचा हात आपोआप केसांकडे जायचा. त्याचा तिला स्वतःवरच राग यायचा.

शुक्रवारी चार वाजता तिची मुलाखत होती – विभागप्रमुखाच्या जागेसाठी, मुख्य कार्यालयाशी, त्याच ॲपवर. या जागेची तिने तीन वर्षं वाट पाहिली होती. आणि साडेतीनला पुन्हा ती लाल ओळ.

तो धापा टाकत आला. ती खुर्चीवरून उठली नाही.

“आज मी बसणार. तुम्ही नुसतं सांगायचं.”

तो कानापर्यंत लाल झाला.

“पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा... दहा मिनिटं पुढे आहे.”

“ते मीच ठेवते. आमच्या घरात सगळी घड्याळं पुढेच असतात. उशीर नको, हा बाबांचा नियम. आणि तुम्ही येऊन गेलात की हे मागे पडायचं, मी पुन्हा पुढे करायचे.”

“ॲपला बाबांचा नियम कळत नाही, मॅडम. वेळ जुळली नाही की ते आत घेत नाही.”

तिने घड्याळ मागे केलं. ॲप उघडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा...

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्या खेपेपासून.” त्याने मान खाली घातली. “सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा बोलावलंच नसतं.”

“माझी मुलाखत बुडाली असती.”

“म्हणून आज सांगितलं. चुकलंच माझं. यापुढे मी दुसऱ्या कुणाला पाठवीन.”

तो गेला. जिन्यावरची त्याची पावलं तिने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

मुलाखत छान झाली. पाच वाजता जागा मिळाल्याचा निरोपही आला. काकूंनी मिठी मारली. तरी तिला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. शेवटी तिने ॲपवर त्याचं नाव शोधलं.

‘एक तक्रार आहे.’

‘ॲप पुन्हा बंद?’

‘ॲप चालू आहे. तुमच्यावर विश्वास बसत नाहीये... पुन्हा प्रयत्न करायचाय. साडेसहाला, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात.’

तो येण्याआधी पोचून त्याला लांबून निरखावं, म्हणून ती मुद्दाम लवकर निघाली. सहा वीसला दारात पोचते तर तो आधीच बसलेला, समोर दोन कप.

“तुम्ही एवढ्या लवकर कसे?”

त्याने मनगट पुढे केलं. त्याच्या घड्याळात बरोबर साडेसहा वाजले होते.

“आजच पुढे केलं,” तो हळूच म्हणाला. “तुमच्या घरचा नियम... म्हटलं, सवय करून ठेवावी.”

तिला हसू आलं, पण संशय म्हणजे संशय. तिने ते घड्याळ दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दहा मिनिटं पुढेच होतं.

मग ती बसली.