बांबूवरची चिखलाची रेघ

"बांबू टेम्पोत चढले की पुरावा गेला! पळा!" वैष्णवी ओरडली.

नागसेन पळाला. इंद्रजित मात्र शाळेच्या पायरीवर बसून राहिला.

"काय मोजायचंय आता? गॅलरी माज्यामुळंच पडली. साऱ्या गावानं बघितलंय."

परवा जत्रेच्या कुस्त्या होत्या. वेल्ह्याजवळच्या त्यांच्या वाडीत आखाडा भाताच्या खाचरात भरतो. भोवती बांबू रोवून, फळ्या बांधून गॅलरी उभारतात. शेवटची कुस्ती निकाली झाली, इंद्रजितनं आनंदानं उडी मारली आणि गॅलरी कलंडली! बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं. पण वैष्णवीची मोठी बहीण प्रेरणा, तालुक्याच्या कबड्डी संघाची कप्तान, फळ्यांखाली सापडली. तिचा पाय तीन ठिकाणी मोडला होता. ती पुण्याच्या दवाखान्यात होती आणि जत्रा कमिटीचे सोनबाअण्णा इकडं सांगत फिरत होते, "पोरं नाचली, म्हणून पडली!"

वैष्णवीनं इंद्रजितला दंडाला धरून उठवलं. "बहीण माजी हाय. रडायचं असंल तर मी रडंन. तू पट्टी घे!"

खाचरात मांडववाले धनाजीमामा एकटेच गॅलरीचे बांबू टेम्पोत भरत होते.

"मामा, आमी भरू?" नागसेननं गोड आवाजात विचारलं.

"लई गुणाची पोरं! मी च्या पिऊन येतो."

मामांची पाठ वळली आणि कंपासपेटी उघडली! प्रत्येक बांबूच्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ होती. बांबू जमिनीत होता तो तेवढाच.

"एकवीस सेंटीमीटर... अठरा... सोळा!" नागसेन मोजत होता, वैष्णवी लिहीत होती, इंद्रजित मोबाईलवर फोटो काढत होता.

"आमच्या शेळीचा खुंटासुदीक याच्यापेक्षा खोल हाय!" नागसेन म्हणाला. कुणी हसलं नाही.

मामा परतले तेव्हा सव्वीस बांबू मोजून झाले होते.

"मामा, खड्डे इतके उथळ कसे?" वैष्णवीनं विचारलं.

"खाली कातळ हाय. पहार खणखणली की थांबायचं. दरसाल असंच करतो. वाळलेलं खाचर दगडागत धरतं."

"मग औंदा का न्हाई धरलं?"

मामांनी मान खाली घातली. "पाव्हण्यांच्या कपड्यांवर धूळ नको, म्हणून अण्णांनी तीन दिस टँकरनं पाणी मारलं. माती मऊ पडली. म्या म्हणलं हुतं..."

"कुणाला?"

"मनातल्या मनात."

संध्याकाळी तलाठी सारिका मॅडम पंचनाम्याला आल्या. सारी वाडी जमली.

"उडी मारलीस का न्हाई, सांग मॅडमना!" सोनबाअण्णा गरजले.

इंद्रजित उठला. "मारली. पण अण्णा, कुस्ती बघायला आलेला माणूस उडी मारणारच! बांदणाऱ्यानं ते धरूनच बांदायला पायजे ना?"

वैष्णवीनं वही पुढं केली, नागसेननं फोटो दाखवले. धनाजीमामांनी या वेळी मोठ्यानं सांगितलं. मॅडम एकेक आकडा उतरवून घेत होत्या.

"टँकर मीच बोलावला," अण्णा शेवटी म्हणाले. "चूक कमिटीची हाय. तसं लिवा."

"शाबास रं लेकरांनो!" म्हाताऱ्या अक्काबाईंनी तिघांची अलाबला घेतली. टाळ्या वाजल्या.

टाळ्यांतून बाजूला होऊन इंद्रजितनं दवाखान्यात फोन लावला. "प्रेरणाताई! माज्यामुळं न्हाई झालं! मोजलंय आमी!"

"येड्या, मला ठाऊक हाय," तिचा आवाज अगदी बारीक आला. "उडी म्याबी मारली हुती की."

"मग परत कधी खेळणार?"

वैष्णवीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावून धरला. बहीण रडत होती. मागं गावकरी अजून टाळ्या वाजवत होते.