हमालाला दिलेले मणी

मत्स्यालयातल्या टाक्यांची देखभाल त्याच्याकडे होती, आणि तिथल्या एका गोगलगायीवर त्याचा भारी जीव. उबदार समुद्राच्या तळाशी, वाळूत राहणारी ही जात सापडतील ते शिंपले, खडे आपल्याच शंखावर चिकटवून हिंडते. म्हणून सगळे तिला हमाल म्हणत. एखादी वस्तू मनात भरली की हमाल ती उलटसुलट करून बघणार, चाटूनपुसून साफ करणार, पाठीवर लावणार आणि घट्ट बसेपर्यंत जागचा हलणार नाही.

बघायला येणाऱ्यांना गंमत वाटावी म्हणून त्याने चिमीच्या, आपल्या लेकीच्या, तुटलेल्या माळेतले लाल मणी टाकीत सोडले. हमाल ते मोठ्या ऐटीत मिरवू लागला.

"घरातलं काही तिथे नेत जाऊ नकोस," बायको म्हणाली. त्याने ते हसण्यावारी नेलं.

काही दिवसांनी हमालाच्या पाठीवर चिमीच्या गणवेशाचं बटण दिसलं. आपल्या बाहीत अडकून आलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग तिची केसांची पिन दिसली. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात. त्याने कुलूप ओढून पाहिलं, ते घट्ट होतं. पण सांगणार कुणाला? लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

आज सकाळी हमालाच्या पाठीवर दात होता. इवलासा, दुधाचा.

हातातली जाळी टाकून तो घराकडे धावत सुटला.

बायको दारातच उभी होती. "बरं झालं आलास. चिमी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसलीये, जागची हलत नाही. मला हातसुद्धा लावू देत नाही."

चिमी खरंच हलत नव्हती. त्याने तिची हनुवटी वर केली. खालचा एक दात नव्हता. हिरडी कोरडी होती, रक्ताचा टिपूस नाही.

"दात कुठे गेला, बाळा?"

"हमालाला दिला. त्याने पण मला दिलंय."

त्याने तिचा फ्रॉक मागून वर केला.

मानेपासून कमरेपर्यंत शिंपले होते. ओले, ओळीत लावलेले. त्याने एक ओढून पाहिला, तर कातडीही बरोबर ओढली गेली.

"नको ना, बाबा," ती हळूच म्हणाली.

तो घाबरला. आयुष्यात इतका कधीच घाबरला नव्हता. बायकोला हाक मारायला तो वळला.

चिमीने त्याचा हात मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला, निरखून पाहिला.

मग ती खाली वाकली आणि त्याच्या करंगळीचं नख सावकाश चाटून साफ करू लागली.