चुंबळीवरचं इंजिन

एकोणऐंशी सालच्या वाशीत माणसं इतकी कमी होती, की एका इमारतीत फोडणी बसली की चौथ्या इमारतीतला माणूस शिंकायचा, आणि मधल्या दोन इमारतींतून कुणीतरी 'शतायुषी हो' म्हणायचं. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण त्याच वाशीत एका रविवारी दुपारी सव्वाचारला वैजयंती परुळेकर इस्त्रीवाल्याकडून साडी घेऊन घरी निघाली होती, हे मात्र अगदी खरं.

जांभळी इरकल होती. जाड सुताची, कांजी घातलेली, अजून कोमट. हातावर आडवी घेऊन ती चालली होती, जशी एखादी झोपलेली मांजर घेऊन चालावं. पाच वाजता दादरहून मुलाकडची मंडळी तिला बघायला येणार होती. मुलाचं नाव श्यामसुंदर, बँकेत नोकरी. फोटोत चांगला दिसत होता. पण फोटोत वाईट दिसायला माणसाला फार कष्ट घ्यावे लागतात. घरात सगळ्यांना स्थळ पसंत होतं. वैजयंतीला काय वाटतं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि तेही एका अर्थी बरंच झालं. कारण 'हो' म्हणायला गेलं की तिच्या तोंडून 'बघू' निघायचं, आणि 'नाही' म्हणायला गेलं की कारण सापडायचं नाही. आज पाच वाजता वर जाऊन बसायचं, पोहे द्यायचे, मान खाली घालायची. सहा वाजेपर्यंत जन्माचं ठरून जाणार. एवढंच तिला ठाऊक होतं.

इमारतीच्या दारात ती शिरली आणि तळमजल्याच्या उघड्या दारातून आवाज आला.

"कोण आहे? जे कोण असेल त्यांनी आत या. पण पळत येऊ नका, फरशीवर तेल सांडलंय."

ती थबकली. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. मात्र या दाराआडची ठाकठूक गेले दोन महिने रोज संध्याकाळी तिच्या पायाखालून यायची. नवीन भाडेकरू, बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याशा कारखान्यात ड्राफ्ट्समन, नाव नंदकिशोर. याच्या पलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं. अंगणात ताडपत्रीखाली एका जुन्या विलायती मोटारसायकलचा सांगाडा उभा होता, लष्कराने मोडीत काढलेल्या गाडीचा. तिचा जीव काढून हा माणूस घरात घेऊन बसला होता.

आणि बसला होता म्हणजे कसा… दोन्ही गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्या इंजिनाला मिठी मारून. गाल त्याच्या बाहेरच्या थंड लोखंडी पात्यांवर टेकलेला. इंजिनाखालची एक वीट फुटून पडलेली, दुसरी फुटायच्या बेतात.

"अहो, मी…" वैजयंती म्हणाली.

"ते नंतर सांगा. आधी तो डावा कोपरा धरा की जरा. एकच मिनिट."

आता शहाण्या मुलीने काय करावं? वर जाऊन वडिलांना पाठवावं. वैजयंतीने साडी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, पदर खोचला आणि डावा कोपरा धरला. त्याच क्षणी दुसरी वीट फुटली.

पुढे ही हकिकत सांगताना त्या इंजिनाचं वजन दरवर्षी पाच किलोने वाढत गेलं. पण त्या दिवशी ते निदान एका जाड आत्याबाईएवढं होतंच. वैजयंतीच्या हातांत कळ गेली. तिचं कपाळ त्याच्या खांद्यापासून चार बोटांवर आलं. रॉकेलचा वास, कांजीचा वास, आणि खाडीवरून येणारा खारट वारा…

"खाली ठेवा ना सरळ," ती धापा टाकत म्हणाली.

"खाली बूड सपाट नाही. मधोमध तेलाची पितळी नळी आहे. टेकली की वाकली. तशी दुसरी आता अख्ख्या देशात मिळायची नाही."

"मग आडवं करा."

"उजवी बाजू उघडी आहे. आत बेअरिंगचे एकोणीस छर्रे ओळीत बसवलेत. आडवं केलं की एकोणीस छर्रे एकोणीस दिशांना."

"आणि मी सोडलं तर?"

त्याने थोडा विचार केला. "तर माझ्या गुडघ्यावर. गुडघा मिळतो, नळी मिळत नाही."

तिला हसू आलं. हसताना हात ढिला पडेल म्हणून तिने ते दाबलं, आणि दाबलेलं हसू नाकातून आलं.

"आत्ता कुणी येईल का?" तिने विचारलं.

"येणार की. सदू, माझा रूममेट. तुर्भ्याला जॅक आणायला गेलाय. पाच मिनिटांत येतो म्हणालाय."

"कधी म्हणाले?"

"अडीच वाजता."

वैजयंतीने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रं, बाकी कुणी नाही. वरच्या मजल्यावर आईने पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला असणार. हाक मारावी का? हाक मारली तर वडील येतील, आणि बघतील की आपली मुलगी पाच वाजताच्या पाहुण्यांऐवजी पावणेपाचच्या परक्या माणसाबरोबर… काय करतेय? याला म्हणायचं तरी काय? तिने हाक मारली नाही. का मारली नाही हे तिला त्या वेळीही नीट सांगता आलं नसतं.

"तुम्ही वरच्या ना," तो म्हणाला. "सकाळी सव्वासातला उतरता. आठवी पायरी सोडून."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझं न्हाणीघर जिन्याखाली आहे. सात पावलं वाजतात, मग एक नाही, मग पुन्हा वाजतात. पहिल्यांदा वाटलं बाई उडतात की काय."

"आठवीची कड तुटलीय. पाय मुरगळतो."

"तुटली होती. सिमेंट लावलं मी, दिवाळीच्या आधी." तो इंजिनाकडेच बघत बोलत होता. "तरी तुम्ही सोडताच. मग मी म्हटलं, असेल बाई काही व्रत."

चार वर्षं नोकरीला जाताना तिच्यासाठी कुणी बसमधली जागासुद्धा धरली नव्हती. आणि या बाबाने पायरी बांधली, सांगितलं नाही, वर त्याचा हिशेबही ठेवला नाही… म्हणजे याचा अर्थ काय? काहीच नाही? की काहीतरी?

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. उडायचा आवाज बंद व्हावा म्हणून केलं." मग जरा थांबून, "नाही झाला ते बरंच झालं."

आता तिचं कपाळ चार बोटांवरून तीन बोटांवर आलं होतं. इंजिन सरकलं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

"माझे हात गेले," ती म्हणाली.

"माझेही. कुठे निघाला होतात तुम्ही?"

"वर. पाच वाजता मला बघायला येणारेत."

नंदकिशोरने प्रथमच मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. गालावर तेलाचा पट्टा, डोळे मात्र स्वच्छ, आणि त्यांत असा गोंधळ की जणू कुणी त्याच्या हातून नकाशा काढून घेतला होता.

"मग तुम्ही जा," तो म्हणाला.

"आणि हे?"

"पडू दे."

"दुसरी नळी मिळत नाही म्हणालात."

"म्हणालो होतो. तुम्ही जा. मी तीन म्हणतो, तुम्ही सोडा. एक…"

"थांबा."

"दोन…"

"थांबा म्हटलं ना."

तेवढ्यात दारात कोळंबीची पाटी डोक्यावर घेऊन शेवंताबाई उभी राहिली. करावे गावची कोळीण. दर रविवारी सदूची कोळंबी ठरलेली, म्हणून हाक न मारता सरळ दारात यायची तिची पद्धत. तिने आतलं दृश्य पाहिलं, पाटी सावकाश उतरवली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय गो बाय, नवरा-बायको हाव काय तुमी?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मग येवरं गच्च कशाला धरलाव?"

"मावशी, सोडलं तर पडेल," नंदकिशोर म्हणाला.

"तसा सगलेच सांगतात." तिने वाकून इंजिनाच्या खालून नजर फिरवली, जशी मासळी ताजी आहे का बघावी. "आरं, ह्याचा बूड बग. धड गोल नाय, धड चपटा नाय. त्याच्याखाली विटा कोन लावतो? आमची हंडी कशी बसते? घागर कशी बसते? ह्याला चुंबल पायजे, चुंबल."

नंदकिशोर तोंड उघडं टाकून बघत राहिला. दोन महिने त्याने इंजिनाखाली विटा घातल्या, लाकडी ओंडके घातले, एकदा तर सदूचा पाट घातला आणि त्या पाटाचा पाय मोडला. कडेने आधार आणि मधे पोकळी, नळीला धक्काही नाही… कागदावर यंत्रं काढण्यात त्याची पाच वर्षं गेली होती, आणि ही गोष्ट करावे गावातल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर रोज फिरत होती.

शेवंताबाईने पाटीखालची स्वतःची चुंबळ, पिळलेल्या कापडाचं कडं, काढून दाखवली आणि स्वतःच नाक मुरडलं. "ही बारकी. मोठं फडकं दे."

"खाटेवर चादर आहे."

तिने चादर उचलून उजेडात धरली. पलीकडचं कुत्रं स्वच्छ दिसलं. "ही चादर नाय, जालं हाय. ह्यात मी जवला धरीन. जाड पायजे. लांब पायजे."

मग शेवंताबाईची नजर खिडकीकडे गेली. वैजयंतीची तर आधीच गेली होती.

"ती नको," नंदकिशोर घाईने म्हणाला. "ती त्यांची आहे. त्यांना आज… ती नको."

जांभळी इरकल घडीवर घडी करून शहाण्यासारखी पडली होती. ती नेसली की अर्ध्या तासात सगळं सरळ होणार. पोहे, मान खाली, होकार, दादर. वैजयंतीला वाटलं, आपण काहीतरी मोठा विचार करायला हवा. पण हात इतके भरून आले होते की विचाराला जागाच नव्हती, आणि तिच्या तोंडून जे आलं ते ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं.

"मावशी, ती साडी घ्या."

"तेलात जाईल गो."

"जाऊ दे."

"मग परत नेसायची नाय ती."

"माहितीय. घ्या."

शेवंताबाईने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. फडाफडा घड्या मोडल्या, साडीला पीळ घातला, वेटोळ्यावर वेटोळं चढवलं, पदराचं टोक आत खुपसलं. बघता बघता बैलगाडीच्या चाकाएवढी चुंबळ तयार झाली. बरं, चाकाएवढी नसेल, परातीएवढी होती.

"आता उचला. वीतभर. येकदम."

दोघांनी श्वास घेतला. एक, दोन… इंजिन वीतभर उठलं, खालून जांभळी चुंबळ सरकली, आणि ते दीड-पावणेदोन मणाचं धूड तिच्यात असं जाऊन बसलं, जसा जेवण झालेला सासरा आरामखुर्चीत बसतो. हललं नाही, डुललं नाही. आतल्या आत एक छर्रा तेवढा बारीक वाजला आणि गप्प झाला.

"झाला," शेवंताबाई म्हणाली. "आता सोरा."

कुणी सोडलं नाही.

इंजिनाला आता कुणाची गरज नव्हती. वैजयंतीला ते कळत होतं, त्यालाही कळत असणार. तिची बोटं त्याच्या बोटांना लागून होती, तेलाने काळी झालेली, कुठली कुणाची ते चटकन ओळखू न येणारी.

शेवंताबाईने पाटी डोक्यावर घेतली. "सोरा नायतर धरा, मी चालले. कोलबी मागारी येऊन देते."

ती गेल्यावर वैजयंती हळूच म्हणाली, "तुम्ही मला जा का म्हणालात?"

"इंजिन धरायला सांगणं वेगळं," तो म्हणाला. "तुम्हाला धरून ठेवणं बरं दिसलं नसतं… म्हणजे मला हवं असलं तरी."

"हवं होतं?"

"ते मी तीन म्हणणार नव्हतो, त्यावरून कळायला हवं होतं."

जिन्यावर चपला वाजल्या. मघाशी पाहुण्यांच्याही वाजल्या होत्या, पण त्या या दोघांना ऐकू आल्या नव्हत्या. दिनानाथराव, वैजयंतीचे वडील, धोतराचा सोगा धरून दारात आले. "वैजू? अगं मंडळी येऊन बसलीयत, आई शोधतेय, आणि तू इथे… हे काय? साडी कुठाय?"

"इंजिनाखाली, बाबा."

दिनानाथरावांनी इंजिन पाहिलं. त्याखालचा जांभळा काठ पाहिला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. काठ तिथेच होता.

"काका," नंदकिशोर उभा राहत म्हणाला, "मी एकटा उचलून धरतो. तुम्ही ती काढून घ्या. डाग काठालाच लागलाय, निऱ्यांत लपेल."

हा खरंच परत देतोय? की फक्त सभ्यपणा करतोय? की हाच याचा सभ्यपणा, आणि हाच आपल्याला… तिने त्याच्याकडे पाहिलं. तो इंजिनावर वाकला होता खरा, पण हात नुसते टेकवले होते. उचलत नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "आता उचललं तर छर्रे हलतील."

"मग मी वर काय सांगू?" दिनानाथरावांचा आवाज रडवेला झाला. "चांगली माणसं आहेत गं."

"चांगली आहेत म्हणूनच मी स्वतः येऊन सांगते. त्यांना उगीच बसवून नको ठेवायला."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"किती दिवस लागतील?"

"कशाला?" नंदकिशोरने विचारलं.

"जोडायला. सगळं."

"घाई केली तर दोन महिने."

"आणि नाही केली तर?"

तो तेलकट हात कुठे ठेवावेत ते न कळून तसाच उभा होता. "तर… तुम्ही म्हणाल तितके."

"मग घाई करू नका."

ती जिना चढू लागली. मागून दिनानाथराव, एकेका पायरीवर थांबत. वरच्या वळणावर त्यांनी तिला गाठलं आणि कुजबुजत विचारलं, "वैजू, पण नेमकं झालंय तरी काय?"

"मलाही नीट कळलेलं नाही, बाबा," वैजयंती म्हणाली. "वरचं आटपलं की खाली जाऊन विचारते."