शनिवारचं लोखंड

राहुरीच्या कानिफनाथ भंगारवाल्याकडे दोन इंजिन ब्लॉक शेजारी पडले होते, एक लोखंडी, एक ॲल्युमिनियमचा. मी लोखंडी ब्लॉकवर हात ठेवला आणि मागून कुणीतरी हसलं.

"रेसच्या गाडीला एवढं ओझं? ॲल्युमिनियम घ्या मॅडम. नाक हलकं, तर गाडी वळणात ऐकते."

तो जस्टिन, समोरच्या इंजिन-बोअरिंग वर्कशॉपचा. डोळे हसरे... राग यावा इतके.

"मला टर्बोचा दाब द्यायचाय. तुमचं हलकं सोसेल?"

"सोसेल. थोडे लाड करावे लागतील."

"लाड करायला मला वेळ नाही."

खरंच नव्हता. दिवाळीनंतरच्या रेसमध्ये गाडी शेवटपर्यंत धावली नाही, तर गॅरेज बंद करून स्थळं बघायची, असं आईला कबूल करून बसले होते मी.

जस्टिननं हातोडीनं ब्लॉक वाजवून पाहिला. "तडा नाही. मालकिणीसारखाच ठणठणीत."

कानिफनाथ मात्र अडून बसला. "ताई, आज शनिवार हाय. आज लोखंड घरी नेलं की लग्न जमत न्हाई."

"मग द्याच," मी म्हणाले.

आमच्या शिंगणापुरात घराला दार नाही, तरी ब्लॉक अडवायला आई उंबऱ्यात उभी राहिली. शनिवारचं लोखंड आत येणार नाही म्हणजे नाही. मग तो जस्टिनच्या वर्कशॉपमध्ये गेला, आणि त्याच्यामागे रोज मी. भांडत भांडत इंजिन बांधलं. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा ब्लॉक उचलताना तो म्हणाला, "ॲल्युमिनियम असता तर तू एकटीनंच उचलला असतास..."

"मग?"

"मग काही नाही. लोखंड आवडायला लागलंय." कान लाल झाले होते त्याचे. माझेही झाले असणार.

रेसमध्ये दुसरा नंबर आला. शेवटच्या फेरीपर्यंत इंजिननं कुरकुर केली नाही. बक्षीस घेऊन आम्ही त्याच गाडीतून थेट घरी निघालो. वाटेत जस्टिन चाचरला, "आज शनिवार आहे... उद्या चर्चनंतर येऊ का?"

"आजच."

आई उंबऱ्यातच होती. "शनिवारीच आनायचं हुतं व्हय गं लोखंड?"

"व्हय."

तिनं जस्टिनकडे पाहिलं. "आन् ह्यो?"

मी त्याचा हात धरला, ग्रीससकट.

"ह्योबी शनिवारचाच हाय. आन् आत येनार हाय."